‘कचरा टाकण्यास सक्त मनाई’ लिहायला पेंट आहे, जागा कोणाची ते लिहायला नाही

तुरीचा_धुरा (धागाकर्ता)

आमचं गाव तालुक्याचं. आधी ग्रामपंचायत होती. २०१४-१५च्या सुमारास शासनानं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती केल्या, त्यात आम्हीही शहरवाले झालो. सतरा प्रभाग, एक मुख्याधिकारी आणि सकाळी गाणं वाजवत येणारी घंटागाडी. गावाला लागून असलेली वावरं एनए झाली, ले-आऊट पडले, प्लॉट विकले गेले. विकताना जो नकाशा दाखवतात त्यात एक हिरवा चौकोन हमखास असतो. ‘इथं गार्डन होणार, पोरांना खेळायला, तुम्हाला फिरायला.’

आमच्या ले-आऊटमधल्या त्या चौकोनात आज एका कोपऱ्यात सोयाबीनचं कुटार आहे. दुसऱ्यात कोणाच्या तरी बांधकामाची रेती-गिट्टी, मधोमध कायमची उभी ट्रॅक्टरची ट्रॉली, बाजूला एका मंडळाचं टिनाचं शेड आणि उरलेल्या जागेत कमरेइतकं गाजरगवत. रस्त्याकडच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘येथे कचरा टाकण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ त्या ओळीच्या बरोबर खाली प्रभागातला सगळ्यात मोठा उकिरडा.

मागच्या महिन्यात तिथं जेसीबी आला आणि कॉलमचे खड्डे खणले गेले. विचारलं तर कळलं, सामाजिक सभागृह होणार. कधी ठरलं? ‘ठराव झाला.’ आम्हाला कसं कळलं नाही? ‘पेपरात होतं.’ कोणत्या पेपरात, तर ज्याचा एकही अंक आमच्या बसस्टँडवरच्या स्टॉलला उतरत नाही अशा पेपरात.

सभागृह नकोच असं मी म्हणत नाही, कदाचित लागतही असेल. पण ही घंटागाडी रोज दारासमोर येते. ओला कचरा कोणत्या डब्यात आणि सुका कोणत्या, हे लाऊडस्पीकरवर आमच्या कानीकपाळी ओरडून सांगते. आमच्या प्रभागातली मोकळी जागा जाणार आहे, एवढं एक वाक्य त्याच भोंग्यातून का येत नाही? कार्यालय आम्हाला काय करू नका ते सांगतं. स्वतः काय करणार आहे, ते कधीच सांगत नाही. जागांचा निम्मा गैरवापर इथूनच सुरू होतो असं माझं मत झालंय. तुमच्या गावी काय परिस्थिती आहे? कोणी काही करून पाहिलंय का?

पोट्टा_नंबर_१

फोटो टाका ना भाऊ.

तुरीचा_धुरा

फोटोत पाटी येते आणि पाटीवर नावं येतात. राहू द्या.

आर्वीकर_पुण्यातला

सोपं आहे. ऑनलाइन तक्रार नोंदवा, टोकन नंबर मिळतो, फॉलोअप घ्या. पुण्यात आम्ही सोसायटीचे सगळे मिळून एका बागेसाठी असंच केलं. लोकांमध्ये जागरूकता हवी, बाकी काही नाही. आपल्याकडच्या लोकांनाच सिव्हिक सेन्स नाही, प्रशासनाला किती दोष देणार?

पोट्टा_नंबर_१

आला बाप्पा सिव्हिक सेन्स. दादा, आमच्या इकडे टोकन नंबर घेऊन त्याच टेबलावर जावं लागते, ज्या टेबलाची तक्रार केली.

शंकूसाखळी

भूमी अभिलेखमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांनी सगळ्या मोकळ्या जागा एकाच नावानं मोजल्यात, तिथं थोडं थांबतो. आधी जागा कोणत्या प्रकारची ते ठरवा. त्याशिवाय कोणाशी भांडायचं तेच कळत नाही.

पहिली, ले-आऊटची ओपन स्पेस. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट पाडला, तर किमान १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. अंतिम मंजुरीच्या आदेशात ती रहिवाशांच्या सामाईक वापराची राहील अशी अट असते. त्यावर बांधकाम अजिबात चालत नाही असं नाही. पण जागेच्या थोड्याच भागात चालतं आणि तेही खेळ, व्यायाम, करमणूक अशा रहिवाशांच्याच वापराचं. सभागृह त्यात बसतं की नाही हे नकाशा आणि क्षेत्र पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, दुसऱ्या कोणी ठामपणे सांगितलं तर त्यावर विश्वासही ठेवू नका.

दुसरी, विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे ‘उद्यान’, ‘खेळाचे मैदान’ वगैरे. इथं १९६६चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा लागतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना ३० दिवस. पुढं आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली राजपत्रात नोटीस आणि पुन्हा हरकतींना महिनाभर. राजपत्राशिवाय ही नोटीस आणखी कशी द्यायची, ते कायद्यानं नियोजन प्राधिकरणावरच सोडलंय. म्हणजे मुनादी, दवंडी हो, द्यायला कोणी अडवलेलं नाही.

याच कायद्यातलं कलम १२७ फार लोकांना माहीत नसतं. आराखडा अमलात येऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक खरेदी सूचना, म्हणजे ‘आता जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. पूर्वी ही मुदत १२ महिने होती. ती सूचना आवक विभागात येते, शिक्का बसतो आणि फाईल झोपते. बाहेर कोणालाच पत्ता नसतो की बागेच्या जागेचे दिवस भरत आलेत. मुदत टळल्यावर हळहळणारे खूप पाहिले. त्या दोन वर्षांत कार्यालयाच्या दारावर एक कागद चिकटवला असता तर निदान विचारणारे तरी उभे राहिले असते.

तिसरी, सरकारी. आपल्या विदर्भात शहरात नझूल, अमरावती विभागात ई-वर्ग (गुरांच्या चराईच्या), पूर्वेकडं निस्ताराच्या (चराई-सरपणासाठी गावाच्या वहिवाटीच्या) जमिनी आणि झुडपी जंगल. झुडपी जंगलाला हात लावण्याआधी तर दहादा विचार करावा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनींना वनसंवर्धन कायदा लागू असल्याचं सांगितलंय.

तुमची पहिली दिसते. सातबारा काढून पाहा. पुष्कळदा ओपन स्पेसचा सातबारा अजून ले-आऊट पाडणाऱ्याच्याच नावावर असतो. मग वीस वर्षांनी त्याचा मुलगा तीच जागा प्लॉट म्हणून विकतो आणि घेणारा बिचारा रजिस्ट्री हातात घेऊन भांडायला येतो.

तुरीचा_धुरा

काका, सातबारा आत्ताच मोबाइलवर काढला. तुम्ही म्हणता तेच निघालं. मूळ शेतमालकाचं नाव तसंच आहे.

शंकूसाखळी

मग सभागृहाच्या आधी त्याचं बघा.

निंबोणी

आमच्या इथं बाग खरोखर झालेली आहे, पण तिची कथा वेगळी नाही. दारावर मोठा बोर्ड आहे. फुले तोडू नये, गवतावर बसू नये, क्रिकेट खेळू नये, प्रेमी युगुलांना बंदी, पाळीव प्राण्यांना बंदी, अजून काय काय. खाली उद्घाटन करणाऱ्यांची नावं, मधल्या फळीपासून वरिष्ठांपर्यंत सगळी, आणि ती नावं नियमांपेक्षा मोठ्या अक्षरांत. बाग किती वाजता उघडते, कधी बंद होते, दिवे गेले तर कोणाला फोन करायचा, संडासाची चावी कोणाकडे असते, हे त्या अख्ख्या बोर्डावर कुठंच नाही.

त्यामुळे होतं काय, की सायंकाळी सातनंतर आम्ही बायका तिकडं फिरकत नाही. दिवे महिनोन्‌महिने बंद. दारू पिणारे बसतात, बाटल्या तिथंच फोडतात. सकाळी लहान मुलं अनवाणी घसरगुंडीवर येतात तर काचा. गवतावर बसायला बंदी आहे म्हणून ज्यांनी बसावं ते बसत नाहीत आणि ज्यांना बोर्ड वाचायचाच नाही ते निवांत बसतात. मी एकदा कार्यालयात जाऊन म्हटलं, बंदी-बंदी काय लिहिता, फक्त एक फोन नंबर लिहा. उत्तर मिळालं, नंबर लिहिला तर लोक फोन करतील.

हे मी विनोद म्हणून सांगत नाहीये. त्या माणसानं अगदी मनापासून सांगितलं.

जावक_क्रमांक

मी अशाच एका छोट्या नगर पंचायतीत काम करतो, गाव सांगत नाही. निंबोणीताई, तो माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्याकडं उद्यान विभाग म्हणून वेगळा विभागच नसतो. पाणीपुरवठा, स्वच्छता, जन्म-मृत्यू नोंद आणि वरून बाग, हे सगळं दोन-तीन माणसांच्या डोक्यावर. फोन वाजला तर उचलणार कोण आणि उचलून लाईट लावणार कोण? वीजतंत्री कंत्राटी, त्याचं बिल अडलेलं.

पेपरातल्या नोटिशीबद्दलही ऐका. ती कोणत्या पेपरात जाईल हे तुमच्या गावात तो पेपर किती जण वाचतात यावर ठरत नाही. शासनमान्य यादी असते, त्यात पेपरांचे वर्ग असतात आणि जाहिराती पाळीपाळीनं जातात. आमच्या दृष्टीनं कात्रण फाईलला लागलं की काम झालं. लेखापरीक्षणात कात्रण मागतात. लोकांना कळलं का, असं आजवर एकाही लेखापरीक्षकानं विचारलेलं नाही.

भिंती रंगवण्याचंही तसंच. अभियान आलं की जनजागृतीचे फोटो अपलोड करावे लागतात. भिंत रंगवली की फोटो मिळतो. ‘ही जागा अमुक गटातली, क्षेत्र इतकं, वापर उद्यान’ असं रंगवलं तर त्या फोटोला गुण कोणत्या रकान्यात मिळणार? त्यापेक्षा झाड, पृथ्वी आणि दोन हात काढलेले बरे.

पोट्टा_नंबर_१

पृथ्वी अन् दोन हात प्रत्येक गावात सेम टू सेम कशी काय निंगते हो? पेंटर एकच हाय का?

जावक_क्रमांक

जवळपास.

बिछायतवाला

मी बिछायतवाला हाव, तवा माह्या बोलन्यात माहा धंदा हाय असं कोनी म्हनन तं म्हनू द्या. ज्याच्या घरी पोरीचं लगन हाय अन् लॉनचं भाडं देन्याची ऐपत नाई, त्यानं मांडव कुठं टाकाचा? रस्त्यावर टाकला तं गाड्यावाल्याइची बोंब, ओपन स्पेसवर टाकला तं गैरवापर. तेरवी, बारसं, भागवत सप्ता, बुद्धजयंतीचं जेवन, सारं त्याच जागेवर होते. दोन दिसाचा मांडव निंगून जाते, खुट्याचे खड्डे मी सोता बुजवतो. ट्रॉली वर्षभर उभी राह्यते, तिले कोनी काई म्हनत नाई. काहून, तं ट्रॉलीवाला मोठ्या मानसाचा साळा. (आमच्या गावची गोठ करून राह्यलो, तुमच्या नाई.)

अन् धुरावाले भाऊ, तुमचं सभागृह झालं तं पह्यले मीच खुश होईन. पावसाळ्यात ताडपत्री गळते.

तुरीचा_धुरा

भाऊ, तुमचं म्हणणं पटलं. मांडवाला माझा विरोध नाही. उलट मला वाटतं मांडवाची परवानगी खुलेआम मिळावी. चार ओळींचा अर्ज, ठरलेली अनामत, जागा साफ करून दिली की अनामत परत, आणि या आठवड्यात कोणाचं काय आहे ते जागेवरच लिहिलेलं. आज काय होतं, ज्याची ओळख त्याला तोंडी ‘टाका मांडव’ आणि ज्याची नाही त्याला ‘परवानगी आणा’. ट्रॉलीचं तर मी बोलतच नाही. आवाजाचं मात्र पाळायला हवं. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, ही गोष्ट मांडव टाकणाऱ्यालाही माहीत असते आणि डीजेवाल्यालाही.

बिछायतवाला

डीजेवाला माह्याकडचा नसते. पन अनामतवाली गोठ चांगली हाय.

मखर_झूल

इथं सगळे ले-आऊटवर बोलताहेत. मी आखराबद्दल बोलतो.

आमच्या गावाच्या वेशीला आखर होता. सकाळी अख्ख्या गावाची गुरं तिथं जमायची, गायकी त्यांना चरायला न्यायचा, सायंकाळी तिथंच आणून सोडायचा. पोळ्याचं तोरण तिथंच बांधलं जायचं. मानाची जोडी, मखर, झुली, बेगड, झडत्यांची, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांची, चढाओढ, पोळा फुटला की पळापळ. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल दोरीनं ओढत त्याच जागी. उन्हाळ्यात रात्री तिथंच भारुड, दंडार, कधी कीर्तन. झाड म्हणाल तर दोन कडुलिंब आणि एक पिंपळ, बाकी मोकळं रान.

गाव नगर पंचायत झालं आणि कोणाच्या तरी डोळ्यांना ती जागा ‘पडीत’ दिसली. निधी आला. चारही बाजूंनी कंपाऊंड, आत गट्टू (सिमेंटचे फरशीचे ठोकळे), ओपन जिमची सहा यंत्रं, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं, फोटो काढायला. एक कडुलिंब पायवाटेच्या आड येत होता, तो गेला. वास्तविक नागरी भागातलं झाड तोडायचं तर १९७५च्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यानं जाहीर सूचना द्यायची असते, वर्तमानपत्रात आणि त्या झाडावरही. २०२१पासून तर ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. आमच्या कडुलिंबावर कागद चिकटवलेला कोणी पाहिला नाही. त्याच झाडावर ट्यूशन क्लासची जाहिरात मात्र खिळे ठोकून लावलेली होती, ती खोडाबरोबरच गेली.

पुढं पोळा आला. बैल आले तर दाराला कुलूप. बाग सायंकाळी पाचला उघडते म्हणे. चावीवाला त्या दिवशी सासुरवाडीला गेलेला. मग पोळा भरला राज्यमार्गावर, ट्रकांच्या हॉर्नमध्ये. एक जोडी बिचकली, एकाच्या पायाचं हाड मोडलं. त्यानंतर काही महिन्यांत मागच्या बाजूची भिंत कोणीतरी पाडली, भगदाड पडलं. आता गुरं तिथून आत येतात, गट्टूंवर शेण पडतं. जिमच्या एका यंत्राला वासरू बांधलेलं मी स्वतः पाहिलं.

पेपरात बातमी आली, ‘उद्यानाचा नागरिकांकडून गैरवापर’. शेजारी जनावराच्या शेणाचा फोटो.

मला राग कशाचा येतो तर त्या ‘गैर’चा. तिथं आधीपासून कोण काय करत होतं, हे कागदावर घ्यायलाही कोणी आलं नाही. विचारलं असतं तर गाव म्हणालं असतं, बाग करा की, पण मधली जागा मोकळी ठेवा, गाडीबैल जाईल एवढं दार ठेवा आणि तोरणासाठी दोन खांब गाडा. खर्च कमीच झाला असता.

शंकूसाखळी

मखर_झूल, तुमचं गाव नागपूरकडचं दिसतंय. तहसीलमधून जुनं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढा. जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १६१ ते १६५. गुरं कुठं चरणार, कुठं बसणार, रस्ता कुठून, सरपण कुठून, गावाचे हे वहिवाटीचे हक्क त्यात लिहिलेले असतात. गाव आता नागरी झालं तरी जुनी नोंद पुरावा म्हणून हाताशी राहते. आमच्या नोकरीच्या काळात हा कागद मागायला वकील सोडून कोणी येत नसे.

धानोरावासी

मी गडचिरोली जिल्ह्यातला. मेंढा (लेखा) आमच्या तालुक्यात आहे, २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव. तिथं काही ठरवायचं तर आधी अभ्यासगटात चर्चा, मग ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलणं. वेळ लागतो, कंटाळाही येतो. पण झाल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय कोणालाच राहत नाही.

मला वाटतं, नगर पंचायत झाली तेव्हा तुमच्या गावांचं खरं नुकसान हेच झालं. ग्रामपंचायत होती तेव्हा १९५८च्या कायद्यानं ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, निदान झेंड्याखाली उभं राहून सरपंचाला जाब विचारता येत होता. कोरम अभावी तहकूब झाली तरी विचारता येत होता! शहर झालात आणि ती जागा गेली. आता सतरा जण सभागृहात बसतात, विषयपत्रिका त्यांनाच जाते, तुम्हाला ठराव झाल्यावर जेसीबीच्या आवाजावरून कळतं.

आर्वीकर_पुण्यातला

हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. पण ग्रामसभेला तरी किती लोक यायचे, प्रामाणिकपणे सांगा.

धानोरावासी

कमीच यायचे. पण आखर जायच्या वेळी आले असते.

निंबोणी

गाडगेबाबांची आठवण येते. शेंडगावचा माणूस, आपल्याच मातीतला. गावात आले की दिवसभर हातात खराटा, आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न. उत्तर गर्दीतूनच काढून घ्यायचे. आधी झाडायचे, मग बोलायचे. आज आमच्या बागेच्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे, खराट्यासकट. खाली कचऱ्याची कुंडी उलटी पडलेली.

खंडपीठ_वारी

वकील आहे, नागपूरला. थोडक्यात सांगतो, बाकीचं तुमच्या कागदांवर अवलंबून आहे.

ले-आऊटच्या बागेच्या जागेवर दुसरं काही उभं करण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं १९९१मध्येच आला होता. बंगळुरूतली उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. त्यांना बोलायचा अधिकारच नाही हा युक्तिवाद टिकला नाही आणि जागा देण्याचा निर्णयही टिकला नाही. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. म्हणजे प्लॉटधारक म्हणून तुम्ही विचारू शकता, हे पक्कं. टिनाचं शेड कोणत्याही धर्माचं असो, त्यासाठी २९ सप्टेंबर २००९चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. सार्वजनिक रस्ते, उद्यानं, सार्वजनिक जागा इथं धार्मिक स्थळाचं नवं अनधिकृत बांधकाम नाही.

पण कोर्टाआधी माहिती अधिकार. कलम ६चा माहिती मागण्याचा अर्ज सगळ्यांना माहीत आहे, कलम ४ कोणी वाचत नाही. त्यात लिहिलंय की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची. न मागता. आणि ४(४) म्हणतं, ती कशी पोहोचवायची ते खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल ती पद्धत लक्षात घेऊन ठरवायचं. त्याखालच्या स्पष्टीकरणात सूचना फलक आणि वर्तमानपत्रांबरोबर जाहीर घोषणाही आहेत. २००५च्या कायद्यात मुनादी आहे म्हणा ना. धागाकर्त्यांचा घंटागाडीचा मुद्दा भावनिक वाटतो, पण तो कायद्यात बसतो.

तुरीचा_धुरा

वकीलसाहेब, हे ४(४) आजवर कोणी सांगितलं नव्हतं. अर्जाचा मसुदा असा केलाय:

‘प्रभाग क्रमांक … मधील ले-आऊटच्या खुल्या जागेबाबत संपूर्ण माहिती द्यावी. सभागृह बांधण्याचा निर्णय का घेतला ते कळवावे. नागरिकांना का कळवले नाही याचा खुलासा करावा.’

शंकूसाखळी

यातलं सगळं काढा. ‘संपूर्ण माहिती’ला ‘मोघम’ म्हणून परत पाठवतात आणि ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा. मंजूर ले-आऊटचा नकाशा व अंतिम आदेशाची प्रत. सभागृहाच्या ठरावाची प्रत, सभेच्या विषयपत्रिकेसह. तांत्रिक मंजुरी आणि कार्यादेशाची प्रत. जाहिरातीच्या कात्रणाची प्रत. खुली जागा नगर पंचायतीकडे हस्तांतरित झाल्याची ताबा पावती. पाच कागद, बस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे २०१२पासून आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, पोच घ्या. ३० दिवस मोजा, नाही आलं तर प्रथम अपील.

ताबा पावतीकडं खास लक्ष द्या. बहुतेक ठिकाणी तीच नसते. ती नसेल तर ‘जागा आमची’ असं म्हणायचं नगर पंचायतीलाही जड जाईल आणि ले-आऊटवाल्यालाही.

पोट्टा_नंबर_१

मंग बोर्डावर लिहाचं काय? धाग्याचं नाव तं तेच हाय.

तुरीचा_धुरा

बोर्डाचं मी असं योजलंय. वर गट क्रमांक, ले-आऊटचं नाव, खुल्या जागेचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये, चारही बाजूंच्या चतु:सीमा. मग ‘वापर: उद्यान व खेळ’. मग मांडव, सभा, खेळाच्या स्पर्धा यांसाठी अर्ज कोणाकडे, अनामत किती. खाली एक नंबर, व्यक्तीचा नको, कार्यालयाचा. आणि एक पाटी रिकामी, खडूनं लिहायची, चालू आठवड्यासाठी. मनाईची एकही ओळ नाही. उद्घाटनाची नावं हवीच असतील तर मागच्या बाजूला.

निंबोणी

दिव्याचं लिहा. आणि अक्षर मोठं ठेवा, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. फ्लेक्स नको, उन्हाळ्यात दोन महिन्यांत फाटतो. टिनावर ऑइलपेंट.

मखर_झूल

आमच्याकडच्या बोर्डावर ‘पोळ्याच्या व तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दार सकाळपासून उघडे’ एवढी ओळ वाढवायची आहे. चावी दोघांकडं. यावर कार्यालयात तरी कोणाचा आक्षेप नसावा.

जावक_क्रमांक

एक आतली गोष्ट सांगतो. बोर्डासाठी अर्ज दिलात तर तो निधीच्या टेबलावर जाईल आणि तिथंच राहील. लोकवर्गणीतून लावतो, फक्त मजकूर तपासून द्या, असं लिहा. मजकूर तपासायला पैसे लागत नाहीत, सहीच लागते. सही झाली की तो मजकूर कार्यालयानं मान्य केला, हेही आपोआप कागदावर येतं. वकीलसाहेबांना कळेल मी काय म्हणतोय ते.

घंटागाडीसाठीही तसंच. तोंडी विनंती केली तर ‘बघू’ होईल. चार वाक्यं टाइप करा, आवाज भरून पेन ड्राइव्हच न्या. आमच्याकडं रेकॉर्ड करायला ना माणूस असतो ना माईक. मजकूर अर्ध्या मिनिटाच्या वर नको, ड्रायव्हर गाणं बंद करायला कुरकुरतो. आणि मार्चच्या आधी जा. मार्चमध्ये कोणी मान वर करून बघत नाही.

खंडपीठ_वारी

कळलं. पेन ड्राइव्ह देताना सोबतच्या पत्रात कलम ४(४) लिहा, एक ओळ पुरे. पोच घ्यायला विसरू नका.

तुरीचा_धुरा

सोमवारी जातो. अर्ज काकांनी सांगितल्याप्रमाणे नव्यानं लिहिलाय, ११० शब्द भरले. आवाज कोणाचा भरायचा ते ठरत नाहीये, माझा घोगरा आहे. निंबोणीताई, तुम्ही दुसऱ्या गावच्या, नाहीतर तुम्हालाच म्हटलं असतं.

बिछायतवाला

तुमच्या तालुक्यातच राह्यतो मी, बोर्डाच्या गोठीवरून वळखलं. माईक अन् अँप्लिफायर माह्याकडचा घ्या, भाडं नाई. माही पोरगी शाळेत सूत्रसंचालन करते, आवाज तिचा भरू. फकत त्यात मांडवाचा अर्ज कोनाकडं कराचा, तेबी सांगजा.